पावतीवर सेवेच्या नावाच्या जागी नुसतं १४ का छापलं गेलं

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी फोंड्याजवळच्या एका देवस्थानच्या ऑफिसातून काकांचा फोन आला. "अरे, मुंबईच्या एका महाजनांनी पावतीचा फोटो पाठवलाय, सेवा म्हणून नुसतं १४ छापलंय, १४ म्हणजे कुठली सेवा विचारतायत ते, काय सांगू?" (महाजन म्हणजे देवस्थानचे पिढीजात सभासद.) मागून घंटा ऐकू येत होत्या, काउंटरवर गर्दी असणार, आणि तो पावत्यांचा प्रोग्राम मीच लिहिलेला. मी म्हटलं, काका, १४ म्हणजे अन्नसंतर्पण, तुम्ही पेनाने लिहून द्या आत्ता, मी संध्याकाळी येतो.

त्या संध्याकाळी मी काय दुरुस्त केलं आणि ते मुळात का बिघडलं, ते नीट लिहून ठेवावं असं वाटलं. कारण ही गोष्ट शिकवताना पाच मिनिटांत उरकतात, आणि काउंटरवर बसणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास हीच देते. प्रोग्रामिंग नवीन शिकत असाल तर तुमच्यासाठी आहेच, पण ज्यांच्या ऑफिसात असला एखादा प्रोग्राम रोज चालतो त्यांनीही वाचा, पुढच्या वेळी प्रोग्रामरला फोन करताना उपयोग होईल.

तर आधी मूळ गोष्ट. तुम्ही स्क्रीनवर "लघुरुद्र" निवडता तेव्हा प्रोग्राम आतमध्ये "लघुरुद्र" हा शब्द साठवत नाही, तो ६ साठवतो (आमच्याकडे लघुरुद्राला ६ दिलाय). आणि परत दाखवायची वेळ आली की ६ बघून कुठल्या तरी यादीत शोधतो आणि तुमच्यासमोर "लघुरुद्र" लिहितो. साठवायला कोड, दाखवायला नाव, आणि दोघांना जोडणारी यादी, एवढंच आहे हे सगळं. प्रोग्रामर लोक याला मॅपिंग म्हणतात.

मग सरळ नावच का नाही साठवत? मला हा प्रश्न खूप जण विचारतात आणि गोव्यात राहणाऱ्याला याचं उत्तर खरं तर सगळ्यात लवकर पटायला हवं. आपल्याकडे एकाच गावाची किती नावं चालतात बघा. पणजी, पणजीम, पोणजें. साष्टी कोणी लिहितो, कोणी सालसेत. डिचोली इंग्रजीत लिहिली की बिचोलिम होते, केपे क्वेपेम होतं, पेडणेला पेर्णेम म्हणतात, आणि मराठीतसुद्धा कोणी म्हापसा लिहितो तर कोणी म्हापुसा. आता समजा भक्तांचे पत्ते घेताना गावाचं नाव मोकळं टाईप करू दिलं आणि वर्षाच्या शेवटी कमिटीने विचारलं की साष्टीतून किती देणगी आली, तर कॉम्प्युटर बिचारा साष्टी वेगळी मोजणार, सालसेत वेगळी, आणि साष्टीच्या शेवटी चुकून स्पेस पडलेली असेल तर ती तिसरी. हे मी प्रत्यक्ष बघितलंय, एका गावाचे सात स्पेलिंग. कोड दिला की हा गोंधळ संपतो, कोणी काहीही म्हणो, आत ११ म्हणजे ११.

पोस्टानेही हेच केलं होतं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी होते, संस्कृतात लिहिणारे कवीसुद्धा. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, चुकलेली स्पेलिंगं, यातून पत्र योग्य जागी जावं म्हणून सहा आकडे. पाकिटावर फोंडा कुठल्याही लिपीत लिहा, खाली ४०३४०१ असलं की पत्र फोंड्यालाच येतं. एक कवी माणूस नावांच्या या घोळावर आकड्यांनी तोडगा काढतो याचं मला फार कौतुक आहे.

जागा वाचते हे दुसरं कारण जुन्या पुस्तकांत असतं. खरं आहे, "फोंडा" हा शब्द यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची आजची नेहमीची पद्धत) १५ बाइट घेतो कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा-अनुस्वारालासुद्धा, तीन तीन बाइट लागतात आणि साधा पूर्णांक ४ बाइटमध्ये बसतो. पण आजच्या हार्ड डिस्कला याचं काही वाटत नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही.

आता १४ ची गोष्ट. माझ्या प्रोग्राममध्ये नोंद करायची खिडकी सेवांची यादी डेटाबेसमधून घेत होती. जूनमध्ये कमिटीने अन्नसंतर्पण ही नवी सेवा सुरू केली तेव्हा काकांनी ती यादीत स्वतः टाकली, तिला १४ नंबर मिळाला, नोंद करताना नाव व्यवस्थित दिसत होतं. पण पावती छापायचा भाग मी खूप आधी लिहिलेला होता आणि त्यात सेवांची नावं थेट कोडमध्येच होती, सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेतल्या ईनममध्ये. ईनम म्हणजे प्रोग्राममध्ये लिहून ठेवलेली ठराविक नावांची यादी, प्रत्येक नावामागे एक आकडा. त्यात नावामध्ये स्पेस चालत नाही म्हणून सत्यनारायण_पूजा असं अंडरस्कोअर टाकून लिहायचं आणि छापताना अंडरस्कोअरच्या जागी स्पेस करायची, असला जुगाड केलेला. त्या यादीत १३ च नावं होती.

आणि इथे सी शार्पची एक सवय लक्षात ठेवा, कारण ती खूप जणांना माहीत नसते. ईनममध्ये नसलेला आकडा तुम्ही त्यात बसवलात तर तो तक्रार करत नाही. १३ नावांच्या ईनममध्ये १४ टाका, चालतं. आणि त्याला अक्षरांत लिही म्हटलं की नाव सापडलं तर नाव देतो आणि नाही सापडलं तर आकडाच देतो. एरर नाही, लाल खिडकी नाही, काही नाही. म्हणून जूनपासून ऑगस्टपर्यंत अन्नसंतर्पणाच्या सगळ्या पावत्या १४ छापत गेल्या आणि काउंटरवरच्या घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे चूक आकड्यात नव्हती, नावातही नव्हती. चूक ही की जोडणारी यादी दोन ठिकाणी होती आणि एक ठिकाण बदललं तेव्हा दुसरं बदललं नाही.

ही यादी ठेवायच्या पद्धती किती आहेत ते बघू. शिकताना सगळे आधी जर-तरची शिडी लिहितात. कोड १ असेल तर अभिषेक, २ असेल तर एकादशणी, ३ असेल तर असं खाली खाली. चार नावं असतील तर काही बिघडत नाही. पण तीच शिडी मग पावतीच्या खिडकीत कॉपी होते, रिपोर्टमध्ये कॉपी होते, एक्सेलला पाठवायच्या भागात कॉपी होते, आणि सहा महिन्यांनी कोणती शिडी खरी हे कोणालाच सांगता येत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे डिक्शनरी. शब्दकोशासारखीच, आकडा द्या, नाव मिळतं, आणि सगळ्या प्रोग्रामने त्या एकाच डिक्शनरीला विचारायचं. सी शार्पमध्ये तिला डिक्शनरीच म्हणतात, पायथॉनमध्ये डिक्ट, जावामध्ये हॅशमॅप, सी प्लस प्लसमध्ये मॅप.

डिक्शनरी चांगली पण ती जर प्रोग्रामच्या आतच लिहिली असेल तर डेस्कटॉप प्रोग्रामला एक वेगळी अडचण येते. वेबसाइट असेल तर सर्व्हरवर एकदा बदललं की सगळ्यांना नवीन दिसतं, पण डेस्कटॉप प्रोग्रामची कॉपी प्रत्येक पीसीवर वेगळी बसलेली असते. जत्रेच्या दिवसांत देवस्थानात दोन काउंटर लागतात, दुसऱ्यावरचा पीसी वर्षभर कपड्याखाली झाकलेला, त्यावर गेल्या वर्षीचा प्रोग्राम. पहिल्या काउंटरने १४ नंबरची सेवा नोंदवली आणि दुसऱ्या काउंटरने ती उघडली तर त्या बिचाऱ्या जुन्या प्रोग्रामला १४ म्हणजे काय हे कळणारच कसं. म्हणून जी नावं कमिटी बदलू शकते, वाढवू शकते, ती प्रोग्रामच्या बाहेर, डेटाबेसच्या टेबलात ठेवायची, जिथून दोन्ही पीसी वाचतील. आणि जी कोणीच बदलणार नाही, उदाहरणार्थ पावती चालू आहे की रद्द, ती ईनममध्ये राहू द्या, कारण त्यांच्यावर प्रोग्रामचं वागणं अवलंबून असतं. माझा नियम असा की नाव बदलायला प्रोग्रामरला बोलवावं लागत असेल तर ते नाव चुकीच्या जागी आहे.

आता यादीत नसलेला कोड आला तर काय करायचं, हा प्रश्न बहुतेक लोक सोडून देतात. सगळ्या भाषा इथे वेगवेगळं वागतात आणि आपण कुठली वापरतोय त्यावर फजिती कशी होणार ते ठरतं. सी शार्पच्या डिक्शनरीला चौकटी कंसात नसलेला आकडा दिला तर ती एरर फेकते आणि तुम्ही ती पकडली नसेल तर प्रोग्राम बंद पडतो, काउंटरवर, लोकांसमोर. जावाचा हॅशमॅप काहीच नाही असं उत्तर देतो. आणि सी प्लस प्लसचा मॅप तर फारच धोकादायक, त्याला चौकटी कंसात नसलेला आकडा विचारला की तो त्या आकड्यासाठी रिकामी नोंद गुपचूप स्वतःच तयार करतो आणि तुम्हाला रिकामं नाव देतो, म्हणजे नुसतं विचारलं आणि यादी बदलली! म्हणून सी शार्पमध्ये ट्रायगेटव्हॅल्यू, पायथॉनमध्ये गेट, सी प्लस प्लसमध्ये फाइंड, असे "आहे का बघ, नसेल तर सांग" प्रकार वापरायचे आणि नसेल तर स्क्रीनवर "अनोळखी सेवा – कोड १४" असं स्पष्ट लिहायचं. रिकामी जागा सोडायची नाही, कारण रिकामं बघून माणसाला वाटतं नोंदच नाही. आणि "इतर" तर कधीच लिहू नका, तो खोटेपणा होईल, इतर नावाची खरी सेवाही असू शकते आणि मग दोन्ही एकत्र मोजल्या जातील.

कोड सोबत दाखवायचा हे विंडोजही करतं. फाइल सापडली नाही याला विंडोजच्या आत २ नंबर आहे, परवानगी नाही याला ५. त्या आकड्याचं वाक्य करायला विंडोजमध्ये फॉरमॅटमेसेज नावाचं वेगळं फंक्शन आहे, ते मशीनच्या भाषेप्रमाणे वाक्य देतं. वाक्य कुठल्याही भाषेत आलं तरी ५ तोच राहतो, म्हणून फोनवर मदत करताना मी आधी विचारतो की आकडा कुठला दिसतोय.

आता माझ्या मते या विषयातली सगळ्यात महागाची चूक. पावतीवर १४ छापलं तर निदान दिसतं तरी. ही दुसरी दिसत नाही.

खिडकीतली ती खाली उघडणारी यादी, तिला कॉम्बोबॉक्स म्हणतात. त्यातल्या प्रत्येक ओळीला तीन गोष्टी असतात. दिसणारं नाव, त्या ओळीची जागा म्हणजे वरून कितवी (मोजणी शून्यापासून), आणि तिच्यामागे ठेवलेला कोड. जागा आणि कोड दोन्ही आकडेच, त्यामुळे नवीन माणूस हमखास जागाच कोड म्हणून साठवतो, आणि सुरुवातीला सगळं बरोबर चालतं म्हणून त्याला कळतही नाही.

सत्तरीत काजू बी विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे मी नंतर दुरुस्तीला गेलो होतो, प्रोग्राम दुसऱ्या कोणीतरी केलेला. माल कुठल्या तालुक्यातून आला ते यादीतून निवडायचं, यादी अकारविल्हे, ११ तालुके. काणकोण ०, केपे १, डिचोली २, तिसवाडी ३, पेडणे ४, फोंडा ५, बार्देश ६, मुरगाव ७, सत्तरी ८, सांगे ९, साष्टी १०. या जागाच साठवत होते. मग सांगे तालुक्यातून धारबांदोडा वेगळा झालेला, ११ चे १२ झालेले, ते कोणाच्या तरी लक्षात आलं आणि यादीत धारबांदोडा टाकला. अकारविल्हे तो तिसवाडीनंतर आला, म्हणजे ४ वर. त्याच्याखालचे सगळे एकेक पायरी खाली सरकले. साठवलेले आकडे मात्र तेच राहिले. म्हणजे जुन्या नोंदींमधला ८, जो सत्तरी होता, तो आता मुरगाव दिसायला लागला. पेडण्याचा सगळा माल धारबांदोड्याचा झाला, साष्टीचा सांग्याचा.

व्यापाऱ्याला शंका आली ती मुरगावमुळे. त्याच्याच शब्दांत, "बंदराकडे एवढी काजू पिकते कधीपासून?" मुरगावच्या जागी चुकून डिचोली आली असती तर अजून कित्येक हंगाम कोणाला कळलं नसतं, कारण डिचोलीत काजू आहेच.

आणि दुरुस्ती करायला बसलो तर कळलं की नुसतं ४ आणि त्यावरच्या सगळ्या आकड्यांत एक मिळवून भागत नाही. नवा प्रोग्राम बसवल्यानंतरच्या नोंदी बरोबर आहेत, त्यांना हात लावायचा नाही, हे तारखेवरून वेगळं करता आलं. पण काही जुन्या नोंदी मधल्या काळात कोणीतरी वजन दुरुस्त करायला उघडल्या होत्या, तालुका चुकीचा दिसला म्हणून तोही बरोबर करून सेव्ह केला होता, म्हणजे त्या तारखेने जुन्या पण आकड्याने नव्या. त्या एकेक करून कागदी पावत्यांशी ताडून बघाव्या लागल्या, तीन दिवस गेले, आणि काही नोंदींचे कागद वाळवीने खाल्लेले होते त्या तशाच संशयित म्हणून खूण करून ठेवल्या. माहिती एकदा अशी बिघडली की परत पूर्ण खरी होत नाही, म्हणून मी याबद्दल इतकं पोटतिडकीने सांगतोय.

उपाय अगदी साधा आहे आणि प्रत्येक टूलमध्ये तो दिलेला आहे. सी शार्पच्या विंडोज फॉर्म्समध्ये कॉम्बोबॉक्सला डिस्प्लेमेंबर आणि व्हॅल्यूमेंबर अशा दोन गोष्टी सांगायच्या, म्हणजे दाखव हे आणि साठव ते, आणि वाचताना सिलेक्टेडइंडेक्स न घेता सिलेक्टेडव्हॅल्यू घ्यायची. क्यूटीमध्ये (सी प्लस प्लसमधून खिडक्या बनवायचं टूल) अ‍ॅडआयटम करताना नावासोबत कोड द्यायचा आणि करंटडेटा वाचायचा, जुनी नोंद उघडताना फाइंडडेटाने कोडवरून ओळ शोधायची. जुन्या व्हिज्युअल बेसिक ६ मध्येसुद्धा आयटमडेटा नावाने हे होतं, म्हणजे सोय तेव्हापासूनची आहे.

शून्याबद्दल एक वेगळं सांगायचंय. खऱ्या नावाला ० कोड देऊ नका. सी शार्पमध्ये पूर्णांक काही न भरता सोडला की तो आपोआप ० असतो, आणि ० म्हणजे अभिषेक असं तुम्ही ठरवलं असेल तर क्लार्क सेवा निवडायला विसरला की ती नोंद आपसूक अभिषेकाची होते. स्त्री-पुरुष नोंदीसाठी आयएसओ ५२१८ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात ० म्हणजे माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री, ९ म्हणजे लागू नाही. बघा, माहीत नाही आणि लागू नाही यांना दोन वेगळे आकडे दिलेत. देणगी देणारी व्यक्ती असेल तर लिंग माहीत नसेल, पण देणारं एखादं मंडळ असेल तर तो प्रश्नच लागू नाही. एवढा बारीक विचार मला फार आवडतो.

उलटं जायचं असेल, म्हणजे नावावरून कोड, तर तेही सांभाळून. आपल्या गाड्यांच्या पाट्याच घ्या. जीए-०१ पणजी, ०२ मडगाव, ०३ म्हापसा, ०४ डिचोली, ०५ फोंडा, ०६ वास्को, आणि मग ०७ परत पणजी, ०८ परत मडगाव. कोडवरून शहर नक्की सांगता येतं पण पणजीचा कोड कुठला विचारलं तर उत्तरं दोन. म्हणून नाव हे कधीच ओळख धरायचं नाही, एका नावाचे दोन कोड असू शकतात हे गृहीत धरूनच लिहायचं.

आणि एकदा वापरलेला कोड परत दुसऱ्याला द्यायचा नाही. कमिटीने एखादी सेवा बंद केली तर ती ओळ पुसून टाकू नका, "चालू आहे का" असा एक रकाना ठेवा आणि त्यात नाही म्हणा, म्हणजे नवीन नोंदीच्या यादीत ती दिसणार नाही पण दहा वर्षांपूर्वीची पावती उघडली तर नाव बरोबर येईल. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. त्या यादीत दमण आणि दीवचा २५ होता, दादरा नगर हवेलीचा २६. आपण आणि दमण-दीव ३० मे १९८७ पर्यंत एकच केंद्रशासित प्रदेश होतो हे इथल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. २६ जानेवारी २०२० ला दमण-दीव आणि दादरा नगर हवेली एक झाले आणि दोघांसाठी २६ राहिला. तसंच आंध्र प्रदेशचा जुना कोड २८, तेलंगणा वेगळं झाल्यावर आंध्रला ३७ आणि तेलंगणाला ३६. तुमच्या बिलाच्या प्रोग्राममधून कोणी जागा मोकळी करायची म्हणून २५ आणि २८ पुसले तर जुनी बिलं उघडताना राज्याच्या जागी काय दिसणार ते आता तुम्हाला माहीत आहे.

नाव बदलणं वेगळं आणि अर्थ बदलणं वेगळं, हेही लक्षात घ्या. "लघुरुद्र" चं "लघुरुद्राभिषेक" केलं तर ६ तसाच ठेवा. पण ६ ला उद्यापासून महारुद्र म्हणायचं ठरवलं तर तो नवीन कोड हवा, नाहीतर गेल्या वर्षी ज्यांनी लघुरुद्र केला त्यांच्या जुन्या पावत्यांवर महारुद्र येईल.

काही कोड आकड्यांसारखे दिसतात पण ते आकडे नसतात. नारळ आणि काजू जीएसटीच्या बिलावर ०८०१ या एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा कोड) गटात येतात. हा पूर्णांक म्हणून साठवला की ८०१ होतो, पुढचं शून्य गेलं. गोव्याचा एसटीडी कोड ०८३२, तेच होणार, एक्सेलमध्ये फाइल उघडून सेव्ह केली तरी होतं. ज्याची बेरीज-वजाबाकी कोणी करणार नाही आणि ज्याच्या पुढच्या शून्याला अर्थ आहे तो मजकूर म्हणूनच साठवायचा.

काकांसारखे जुने लोक यादी उघडतसुद्धा नाहीत, त्यांना कोड पाठ असतात, ७ दाबला की पुढे. ती सोय काढून घेऊ नका, त्यांचा वेग त्यातच आहे. फक्त मराठी कीबोर्ड चालू असेल तर ते ७ देवनागरीत टाईप होतं आणि इथे एक गंमतशीर अडथळा आहे, सी शार्पला विचारलं की हे अक्षर अंक आहे का तर तो हो म्हणतो, पण त्याचा पूर्णांक कर म्हटलं की एरर देतो, कारण मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या इंट पार्स या फंक्शनला फक्त इंग्रजी ० ते ९ कळतात. पायथॉनला देवनागरी अंक चालतात. म्हणून आधी देवनागरी अंक बदलून घ्यायचे, दहा ओळींचं काम आहे, आणि त्याने काउंटरवरचा माणूस चिडत नाही.

भाषेचं म्हणाल तर आपल्याकडे ही गरज रोजची आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात जागा मिळाली, शिवाय इंग्रजी आहेच. त्यामुळे टेबलात एका कोडसमोर एकच नाव नको, भाषेप्रमाणे वेगळी नावं हवीत. विंडोज स्वतः भाषांनाही आकडे देतं, मराठी ११०२, कोकणी ११११. म्हणजे कोड अधिक भाषा दिली की नाव मिळालं पाहिजे, आणि कोकणी नाव भरलेलं नसेल तर मराठी दाखवायचं, तेही नसेल तर इंग्रजी, तेही नसेल तर अनोळखी म्हणून कोड. हा क्रम आधीच ठरवून ठेवायचा.

आणि यादी लावताना जपून. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरची प्रत्येक अक्षराला आकडा देणारी यादी) ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर. त्यामुळे कॉम्प्युटरला नुसतं अक्षरांच्या आकड्यांप्रमाणे लाव म्हटलं की कळंगुट आधी आणि कवळे नंतर येतं, आणि मराठी माणूस कवळे आधी शोधतो. मराठीची क्रमवारी मागून घ्या, किंवा मी करतो तसं टेबलात क्रमासाठी एक वेगळा रकाना ठेवा, म्हणजे रोजच्या सेवा वर आणि वर्षातून एकदा होणाऱ्या खाली, अकारविल्हेपेक्षा काउंटरवर तेच जास्त उपयोगी पडतं.

त्या संध्याकाळी मी देवस्थानात गेलो तेव्हा आरती व्हायची होती. पावतीतलं ते ईनम काढून टाकलं, पावती, रिपोर्ट, एक्सेल सगळं एकाच फंक्शनला विचारेल असं केलं आणि ते फंक्शन टेबल वाचतं. टेबलात कोड, मराठी नाव, कोकणी नाव, इंग्रजी नाव, क्रम, चालू आहे का, एवढे रकाने. जूनपासूनच्या अन्नसंतर्पणाच्या पावत्या परत छापल्या तर सगळ्यांवर नाव बरोबर आलं, एकही नोंद दुरुस्त करावी लागली नाही, कारण आत १४ पहिल्यापासून बरोबरच साठवलेला होता. काजूवाल्यांच्या बाबतीत हेच नशिबात नव्हतं. काकांनी मुंबईची पावती पाकिटात घालून प्रसादाच्या अंगाऱ्यासोबत पोस्टात टाकली.

नवरात्राच्या आधी मखराची सेवा काकांनी स्वतःच १५ नंबरला टाकली, मराठीत आणि कोकणीत दोन्ही नावं भरून. पहिली पावती निघाली तिचा फोटो मला पाठवला, मोठ्या अक्षरात सेवेचं नाव आणि बाजूला बारीक अक्षरात १५.